पिरामिडेन: उत्तर ध्रुवाजवळचं बेचिराग खाणगाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वालबार्डमधल्या पिरामिडेनबद्दल मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बऱ्याच जणांनी या गावाचं नाव पहिल्यांदा 'भुताचं शहर' छापाच्या व्हिडिओत ऐकलेलं असतं, म्हणून बरेच प्रश्न तिथूनच सुरू होतात. घाईत असाल तर प्रश्न ८ आणि ९ आधी वाचा. या गावाबद्दलचे सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत.

१. पिरामिडेन नेमकं आहे कुठे?

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटावर, ७८ अंश ३९ मिनिटं उत्तर अक्षांशावर हे गाव आहे. इथून उत्तर ध्रुव सुमारे १,२६० किलोमीटर. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयरब्येन दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, पण या दोन गावांना जोडणारा रस्ता आजही नाही.

स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यावरून इसफियॉर्ड नावाची रुंद खाडी आत शिरते. तिचाच एक फाटा म्हणजे बिलेफियॉर्ड. त्या फाट्याच्या आतल्या टोकाशी, पश्चिम काठावर पिरामिडेन वसलं. मागे नऊशे मीटरहून उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्याचे आडवे थर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत जातात, आणि गावाचं नाव त्या आकारावरूनच पडलं. बाजूने मिमरदालेन नावाची दरी उतरते. समोर, पाण्यापलीकडे, नॉर्डेनशेल्ड ही प्रचंड हिमनदी थेट समुद्राला येऊन भिडते. गावाच्या मुख्य चौकात उभं राहिलं की नजर सरळ तिच्यावरच जाते.

२. एवढ्या उत्तरेला माणूस राहू तरी कसा शकतो? थंडी किती असते?

अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहाची एक शाखा स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाहते. त्यामुळे याच अक्षांशावरच्या कॅनडा किंवा ग्रीनलंडच्या तुलनेत इथला हिवाळा बराच सौम्य असतो. तरीही उणे २० अंशांच्या खालचे दिवस नवलाचे नाहीत, आणि जुलैचं सरासरी तापमान जेमतेम ६-७ अंश असतं.

थंडीपेक्षा अंधार जास्त अंगावर येतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. उलट एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. गावात नाट्यगृह, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव असं सगळं का बांधलं होतं, याचं एक उत्तर या अंधारात आहे (दुसरं उत्तर प्रश्न ६ मध्ये).

३. हे गाव रशियाचं की नॉर्वेचं?

जमीन नॉर्वेची, गाव रशियन सरकारी कंपनीचं.

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला आणि १४ ऑगस्ट १९२५ पासून तो लागू झाला. त्यानुसार द्वीपसमूहावर सार्वभौमत्व नॉर्वेचं. पण करारात सामील असलेल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे खाणकाम, मासेमारी, शिकार आणि व्यापार करायचा समान हक्क आहे. नाविक तळ किंवा तटबंदी उभारायला मात्र मनाई. सोव्हिएत संघ १९३५ मध्ये करारात आला. म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन काळात, नाटोच्या सदस्य देशाच्या भूमीवर, लेनिनच्या पुतळ्यासह एक पूर्ण सोव्हिएत गाव कायदेशीरपणे नांदत होतं.

कायदा नॉर्वेचाच चालतो. नॉर्वेचा राज्यपाल लाँगयरब्येनमध्ये असतो, आणि पोलीस, पर्यावरण, बचावकार्य ही सगळी कामं त्याच्याच कार्यालयाकडे आहेत. 'पिरामिडेन रशियात आहे' असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे.

४. बर्फाच्या प्रदेशात कोळसा आला कुठून? तिथे तर झाडच नाही!

आज नाही, पण एके काळी होती, आणि ती जमीनही तेव्हा इथे नव्हती. भूपट्ट सरकत सरकत इथवर आला. पिरामिडेनचा कोळसा कार्बोनिफेरस काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्या काळी हा भूभाग विषुववृत्तापासून फार दूर नव्हता. उष्ण, दलदलीच्या प्रदेशात वाढलेल्या वनस्पती गाडल्या गेल्या आणि त्यांचा कोळसा झाला.

लाँगयरब्येन आणि बॅरेंट्सबर्ग (याच बेटावरचं आणखी एक रशियन खाणगाव) इथला कोळसा याहून कितीतरी अलीकडचा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकाच बेटावरच्या शेजारच्या खाणींमध्ये वयाचा एवढा फरक असणं ही भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

याच्याही मागे जाता येतं. पिरामिडेनजवळच्या मुनिनदालेन दरीत सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन काळातल्या जंगलाचे बुंधे जागच्या जागी उभे असलेल्या स्थितीत खडकात सापडले आहेत. पृथ्वीवरच्या अगदी सुरुवातीच्या जंगलांपैकी ते एक. या परिसराची ओळख फक्त ओसाड इमारतींपुरती राहते याचं मला वाईट वाटतं. पायाखालचा खडक त्या इमारतींपेक्षा जास्त बोलका आहे.

५. गाव कोणी वसवलं? दुसऱ्या महायुद्धात त्याचं काय झालं?

१९१० मध्ये स्वीडिश लोकांनी कोळशासाठी या जागेवर हक्क सांगितला. १९२७ मध्ये त्यांनी ती सोव्हिएत बाजूला विकली. १९३१ मध्ये मॉस्कोने 'आर्क्टिकउगोल' ही सरकारी कंपनी स्थापन केली आणि पिरामिडेन तिच्याकडे आलं. आजही मालक तीच आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा वस्ती लहानच होती. १९४१ च्या उन्हाळ्याअखेरीस दोस्त राष्ट्रांच्या तुकडीने स्वालबार्ड रिकामं केलं. जर्मनीच्या हाती कोळसा लागू नये म्हणून साठे पेटवून दिले, आणि सगळ्या सोव्हिएत वसाहतींमधले मिळून सुमारे २,००० लोक जहाजाने अर्खांगेल्स्कला पोचवले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी लाँगयरब्येन आणि बॅरेंट्सबर्गवर तोफा डागून ती गावं जाळली. युद्धानंतर, १९४६ पासून सोव्हिएत लोक परतले. फोटोंमध्ये आपण पाहतो ते विटांच्या चार मजली इमारतींचं पिरामिडेन त्यानंतरच्या दशकांत उभं राहिलं. इथे नीट पाहायला हवं: वयाने हे गाव जुनं नाही. आपल्याकडच्या कितीतरी गिरण्यांच्या चाळी त्याहून जुन्या आहेत.

६. तिथे राहायचं कोण? आणि खाणगावात एवढी चैन कशासाठी?

मुख्यतः खाणकामगार, आणि त्यातले बरेच आजच्या युक्रेनमधल्या दोनबास भागातले. दोनबास हा कोळशाचाच पट्टा, त्यामुळे कामाची सवय असलेली माणसं तिथे सहज मिळत. नेमणूक साधारण दोन वर्षांच्या कराराची असे. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाढवून घेतला. शिक्षक, डॉक्टर, स्वयंपाकी, वीजकेंद्रातले तंत्रज्ञ, गाईगुरांची देखभाल करणारे असेही लोक होते, आणि अनेक जण कुटुंबासह राहत. १९८० च्या दशकात वस्ती हजारावर गेली होती.

घर, वीज, गरम पाणी, भोजनालयातलं जेवण हे सगळं कंपनीकडून. भोजनालयाच्या जिन्यावरच्या भिंतीवर उत्तरेकडच्या निसर्गाचं मोठं मोझाइक चित्र आहे. त्यातली ध्रुवीय अस्वलं आजही ताजी दिसतात. हरितगृहात भाज्या पिकत, गोठ्यात गाई आणि डुकरं, खुराड्यात कोंबड्या. पोहण्याच्या तलावाचं पाणी गरम केलेलं असे. सांस्कृतिक केंद्रात चित्रपट, नाटक, संगीत, ग्रंथालय, व्यायामशाळा. रंगमंचावर 'लाल ऑक्टोबर' बनावटीचा पियानो अजून आहे.

चौकातलं गवतही असंच. आसपास खडी आणि शेवाळ, आणि मधेच हिरवीगार हिरवळ. त्यासाठी माती दक्षिणेकडून जहाजाने आणली होती. लावणारे गेले, पण गवत दर उन्हाळ्यात उगवतं.

इमारतींना रहिवाशांनी टोपणनावं ठेवली होती. अविवाहित पुरुषांची ती 'लंडन', अविवाहित स्त्रियांची ती 'पॅरिस', आणि जिच्या व्हरांड्यांत मुलांचा दिवसभर धुडगूस चालायचा ती 'वेड्यांचं घर'. बाहेर थंडी आणि अंधार असताना मुलांना खेळायला दुसरी जागा नव्हती. 'भुताचं शहर' म्हणणाऱ्यांना मी हे टोपणनाव मुद्दाम सांगते. त्या व्हरांड्यांतून धावणारी मुलं आज चाळिशी-पन्नाशीची आहेत.

आता चैनीबद्दल. माणसं टिकवायची तर सोयी द्याव्याच लागतात, हे एक कारण. दुसरं राजकीय. स्वालबार्डवर यायला व्हिसा लागत नसल्यामुळे पाश्चिमात्य माणूस सोव्हिएत परवान्याविना जिथे येऊन पाहू शकेल अशा मोजक्या सोव्हिएत गावांपैकी हे एक होतं. पाहुण्यांना दाखवायचं गाव म्हणून मॉस्कोने त्यावर हात सैल सोडला. नॉर्वेजियन आणि सोव्हिएत वसाहतींमध्ये खेळाच्या आणि सांस्कृतिक भेटीही होत असत.

७. खाण कशी होती? जमिनीखाली खोल?

उलट. कोळशाचे थर डोंगराच्या पोटात, गावापेक्षा बऱ्याच उंचीवर होते. कामगार डोंगरउतारावर बांधलेल्या झाकलेल्या बोगदावजा मार्गाने वर जात. त्याची तिरकी रेघ आजही बंदरावरूनच दिसते. कोळसा खाली बंदराकडे येई. थोडा गावच्या वीजकेंद्रात जाळला जाई, बाकीचा बोटीने रवाना होई. १९५५ ते १९९८ या काळात एकूण सुमारे ९० लाख टन कोळसा निघाला असा अंदाज सांगितला जातो. चार दशकांच्या मानाने हा आकडा मोठा नाही, आणि पुढच्या उत्तराचा धागा इथूनच सुरू होतो.

८. मग गाव बंद का पडलं?

एका वाक्यात: कोळसा कधीच परवडत नव्हता, आणि तोटा सोसणारं सरकार उरलं नाही.

पिरामिडेनच्या परिसरातून बिलेफियॉर्ड विभंग पट्टा जातो. खडक तुटलेले, सरकलेले. कोळशाचा थर पुढे चालू राहील याचा भरवसा नाही. सहज हाती येणारा कोळसा संपत आला तसा खर्च वाढत गेला. वर अन्नधान्य, यंत्रं, विटा, माणसं असं सगळं हजारो किलोमीटरवरून आणायचं. सोव्हिएत संघ होता तोवर हा खर्च कोणी विचारत नव्हतं, कारण इथे हजर राहणं हेच उद्दिष्ट होतं. १९९१ मध्ये संघ कोसळला आणि अनुदानं आटली. पगार, सोयी, शाळा सगळ्यालाच ओढाताण सुरू झाली आणि कुटुंबं परतू लागली.

दोन गावं चालवणं आर्क्टिकउगोलला झेपणारं नव्हतं. बॅरेंट्सबर्ग ठेवायचं आणि पिरामिडेन सोडायचं असं ठरलं. ३१ मार्च १९९८ रोजी शेवटचा कोळसा निघाला. त्या तारखेची कोळशाने भरलेली एक डबागाडी गावाच्या वेशीवरच्या फलकाजवळ स्मारक म्हणून ठेवली आहे. तिथे आलेला प्रत्येक जण तिचा फोटो काढतो. पुष्कळ जण तारीख न वाचताच.

९. लोक एका रात्रीत सगळं टाकून पळाले हे खरं आहे का?

नाही. हे विधान इतक्या ठिकाणी आहे की ते खोडून काढायला वेगळा प्रश्नच ठेवावा लागला.

खाण मार्चमध्ये थांबली आणि शेवटचे कायमस्वरूपी रहिवासी १० ऑक्टोबर १९९८ ला गेले. मध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ होता. लोक गटागटाने, ठरवून, सामान बांधून निघाले. काही जण बॅरेंट्सबर्गला कामावर गेले, बाकीचे रशियाला आणि युक्रेनला परतले.

मग वस्तू मागे का राहिल्या? कारण बहुतेक वस्तू त्यांच्या नव्हत्याच. पलंग, कपाटं, पुस्तकं, पियानो, चित्रपटाची यंत्रं ही सगळी मालमत्ता कंपनीची, आणि ती जहाजाने नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त. करारावर आलेला माणूस येताना बॅग घेऊन आला आणि जाताना बॅग घेऊनच गेला. शिवाय पुढची काही वर्षं गाव जवळजवळ राखणीविना होतं. आलेल्यांनी कुलपं फोडली, वस्तू नेल्या, हलवल्या. म्हणून टेबलावर मांडलेला कप किंवा पलंगावरची बाहुली फोटोत दिसली की ती मांडणी १९९८ मधलीच आहे असं समजू नका.

'एका रात्रीत पळाले' या गोष्टीने एक मोठा अन्याय होतो. ज्यांचा रोजगार गेला, ज्यांनी सहा महिने आपलंच गाव आवरलं, ती माणसं या कथेतून पुसली जातात आणि उरतो फक्त रिकामा रंगमंच. गाव बंद पडणं हा अर्थकारणाचा आणि धोरणाचा निर्णय होता. त्यात गूढ काही नाही, दुःख मात्र आहे.

१०. विमान अपघातामुळे गाव सोडलं असंही वाचलं. ते काय आहे?

अपघात खरा आहे. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून लाँगयरब्येनला येणारं वनुकोवो एअरलाइन्सचं टीयू-१५४ विमान उतरण्याच्या तयारीत असताना ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व १४१ जण गेले. त्यात बहुतेक बॅरेंट्सबर्ग आणि पिरामिडेनचे कामगार आणि त्यांचे कुटुंबीय होते. नॉर्वेच्या भूमीवरचा हा सर्वांत मोठा विमान अपघात आहे.

एवढ्याशा वसाहतींमध्ये १४१ माणसं जाणं म्हणजे घरटी कोणीतरी ओळखीचं जाणं. लोकांचं मन उडायला ते एक कारण झालंच. पण 'अपघात झाला म्हणून गाव सोडलं' असं म्हणता येत नाही. खाण त्यानंतरही दीड वर्ष चालू होती, आणि बंद करण्याची कारणं प्रश्न ८ मधली आहेत.

११. इमारती इतक्या वर्षांनी उभ्या कशा? आपल्याकडे बंद घर चार पावसाळ्यांत ढासळतं.

वाळवी नाही, वड-पिंपळाची मुळं नाहीत, मुसळधार पाऊस नाही. हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे कुजण्याची क्रिया फार हळू चालते. लाकूड, कागद, कापड वर्षानुवर्षं तग धरतं.

पण 'काळ थांबला आहे' हे वर्णन मला पटत नाही. नळांतलं पाणी गोठून नळ फुटले. बर्फ वितळल्यावर येणारं पाणी वळवणारे चर आणि बांध सांभाळायला माणसं राहिली नाहीत, त्यामुळे पाणी वाट फुटेल तिकडे शिरतं. पाया कायम गोठलेल्या जमिनीवर आहे आणि स्वालबार्ड झपाट्याने तापतंय. १९७१ ते २०१७ या काळात इथलं सरासरी वार्षिक तापमान ३ ते ५ अंशांनी वाढलं. गोठलेली जमीन सैल झाली की वरच्या भिंतींना तडे जाणारच.

आणि गाव तसं रिकामंही नाही. उन्हाळ्यात किटीवेक जातीचे शेकडो कुरव पक्षी इमारतींच्या खिडक्यांच्या कठड्यांवर घरटी करतात. त्यांना समुद्रकड्यांवरच्या अरुंद कपारी लागतात, आणि चार मजली विटांच्या भिंतीवरची खिडक्यांची रांग त्यांना तशीच वाटली. ज्या इमारतीत मुलांचा गोंगाट होता, तिथे आता जुलैमध्ये पिल्लांचा कलकलाट इतका असतो की वाटाड्याला मोठ्याने बोलावं लागतं.

१२. लेनिनचा पुतळा अजून का आहे?

कारण तो हटवणारं तिथे कोणी नव्हतं, आणि आता तोच गावाचं मुख्य आकर्षण आहे. सांस्कृतिक केंद्रासमोर उंच चौथऱ्यावर लेनिनचा अर्धपुतळा आहे. मागे डोंगर, आणि नजर चौकावरून पाण्यापलीकडच्या हिमनदीकडे. जगातला सर्वांत उत्तरेचा लेनिन म्हणून तो ओळखला जातो. पियानोच्या बाबतीतही असाच दावा केला जातो.

१३. आता तिथे कोणी राहतं का?

हो, थोडे लोक. २००७ च्या सुमारास आर्क्टिकउगोलने डागडुजी आणि राखण पुन्हा सुरू केली. 'ट्यूलिप' नावाचं जुनं हॉटेल दुरुस्त करून २०१३ मध्ये उघडलं. हिवाळ्यात बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी असतात, पर्यटनाच्या हंगामात थोडे जास्त. म्हणून काटेकोरपणे बोलायचं तर 'संपूर्ण निर्मनुष्य' हे १९९८ नंतरच्या काही वर्षांपुरतंच खरं आहे. पण शाळा नाही, दुकानदारी नाही, कुटुंबं नाहीत. गावपण परत आलेलं नाही.

१४. पाहायला कसं जायचं? व्हिसा लागतो का?

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथे पोचायला लागतो. यात अनेक भारतीय प्रवासी फसतात. विमानं ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून जातात, म्हणजे आधी शेंगेन क्षेत्रात (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा चालणारा भाग) शिरावं लागतं. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना तो दुसरा प्रवेश धरला जातो. त्यामुळे व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा घेतलात तर परतीची वाट अडते.

लाँगयरब्येनहून पुढे उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्याच्या शेवटी, उजेड परतल्यावर, स्नोमोबाइल. बोटीची सहल दिवसभराची असते आणि बहुधा नॉर्डेनशेल्ड हिमनदीच्या जवळून नेते. स्नोमोबाइलसाठी काही गोठलेल्या खाड्यांवर वन्यजीवांमुळे निर्बंध असतात आणि ते बदलतात. त्या हंगामाचा नियम राज्यपालांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून पाहावा. बहुतेक इमारती कुलूपबंद असतात. आत जायचं ते फक्त वाटाड्याबरोबर.

१५. रशियन कंपनीचं गाव आहे, तर आता जाणं योग्य आहे का?

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर स्वालबार्डच्या पर्यटन संघटनेने आर्क्टिकउगोलशी सहकार्य थांबवलं. कारण हॉटेलात राहिलात, त्यांचा वाटाडा घेतलात किंवा काही विकत घेतलंत, तर पैसा रशियन सरकारी कंपनीकडे जातो. काही सहली नुसत्या बोटीतून गाव दाखवून परततात. तिकीट काढण्याआधी तुमची सहल यातली कुठली, ते स्पष्ट विचारा.

माझं मत विचाराल तर बोटीतून पाहणं मला जास्त पटतं. हे गाव ज्यांनी चालवलं त्यांतले कितीतरी दोनबासचे होते, आणि त्यांच्या मूळ गावांवर काय ओढवलं ते आपण बातम्यांत पाहिलं आहे.

१६. ध्रुवीय अस्वलांची भीती खरी आहे की पर्यटकांना घाबरवायला सांगतात?

खरी आहे. बिलेफियॉर्ड हा अस्वलांचा नेहमीचा टापू आहे आणि ती गावातही येतात. म्हणून वाटाड्याजवळ बंदूक आणि अस्वलाला हुसकावण्याची साधनं असतात. घोळक्यापासून एकटं भटकायचं नाही, इमारतीच्या कोपऱ्यावरून वळताना तर नाहीच. त्याच वेळी अस्वलांना कायद्याचं कडक संरक्षण आहे. २०२५ पासून त्यांच्यापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणं बंधनकारक आहे.

'स्वालबार्डवर माणसांपेक्षा अस्वलं जास्त' हे वाक्य मात्र सोडून द्या. ३,००० चा जो आकडा दिला जातो तो संपूर्ण बॅरेंट्स समुद्र परिसराचा आहे. स्वालबार्डवर कायम वावरणारी अस्वलं सुमारे ३००, माणसं अडीच हजारांच्या आसपास.

१७. एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणली तर?

नाही. जुनं पत्रकही नाही, फुटकी कपबशीही नाही. मालमत्ता कंपनीची आहे, आणि परिसरात १९४६ पूर्वीचे जे अवशेष असतील त्यांना नॉर्वेच्या कायद्याने आपोआप संरक्षण आहे. खाणीच्या गंजक्या खिळ्यालाही ते लागू होऊ शकतं. गावाची जी हानी थंडीने केली नाही ती अशा आठवणींनी केली.

१८. स्वालबार्डवर अशी आणखी गावं आहेत का?

आहेत, आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा. ग्रुमांत ही दुसरी सोव्हिएत वसाहत १९६० च्या दशकात सुटली. तिथे आता पडकी घरं आहेत. स्वेआग्रुवा ही नॉर्वेजियन खाणवस्ती नॉर्वेने ठरवून बंद केली, आणि मग इमारती, रस्ते, धावपट्टी काढून दरी शक्य तितकी मूळ रूपात आणली. आज तिथे गाव होतं हे सांगावं लागतं. लाँगयरब्येनची शेवटची कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली, पण गाव पर्यटन आणि शिक्षणावर उभं आहे. बॅरेंट्सबर्गला खाण आणि वस्ती दोन्ही आहेत.

पिरामिडेनशी सर्वांत अर्थपूर्ण तुलना होते ती नी-ऑलेसुंडची (पुढचा प्रश्न).

१९. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र पिरामिडेनमध्येच आहे ना?

नाही, पण गल्लत समजण्यासारखी आहे. हिमाद्री नी-ऑलेसुंडमध्ये आहे, पिरामिडेनपासून हवाई अंतराने सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला. १ जुलै २००८ रोजी ते सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्को-द-गामाच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफियॉर्डमध्ये 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे काम करू लागले. मुरगावच्या डोंगरावरून आर्क्टिकची मोहीम आखली जाते हे गोव्याबाहेर फार कमी जणांना ठाऊक आहे.

तुलना अशी की नी-ऑलेसुंडसुद्धा कोळशाचंच गाव होतं. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात तिथे २१ कामगार मेले. पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणात नॉर्वेचं सरकारही पडलं. पण जागा सोडून न देता ती अनेक देशांच्या संशोधनासाठी वापरात आणली. पिरामिडेनला असं दुसरं काम वेळेवर मिळालं नाही. १९९८ च्या रशियाकडे त्यासाठी पैसाही नव्हता.

२०. करारात भारत आहे असं ऐकलं. मग मी पिरामिडेनमध्ये जाऊन राहू शकते का?

१९२० च्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताच्या वतीनेही सही झाली होती, त्यामुळे भारत मूळ सदस्यांपैकी एक आहे. स्वालबार्डवर राहण्यासाठी व्हिसा किंवा वास्तव्याचा परवाना लागत नाही. अट एवढीच की स्वतःचं पोट आणि निवारा स्वतःच्या बळावर चालवता आला पाहिजे. ते जमत नसेल तर राज्यपाल परत पाठवू शकतात. सामाजिक सुरक्षेचं कवच मुख्य भूमीसारखं नाही आणि वैद्यकीय सोय मर्यादित आहे.

लाँगयरब्येनमध्ये या मार्गाने अनेक देशांचे लोक राहतात. तिथेही घर मिळणं हीच खरी अडचण आहे. पिरामिडेनमध्ये मात्र प्रत्येक छप्पर एकाच कंपनीचं आहे. तिची नोकरी असल्याशिवाय तिथे मुक्काम करायचा तर हॉटेलची खोली हाच एक मार्ग, आणि ती घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी प्रश्न १५ वाचा.